खांदा कोण देणार?
आद्य ख्रिस्ती समाजातील मृत्यू आणि दफन

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल की, रोमच्या भुयारांतील जुन्या थडग्यांशी आम्हां धाराशिवकरांचा संबंध तो काय? शंका रास्त आहे; तिचे उत्तर आधी देतो.

आमच्या भागात कोणी वारले की लोक म्हणतात, 'मातीला जायचे आहे.' मृताला अग्नी द्यावयाचा असला तरी शब्द 'माती' हाच. दहन आणि दफन या दोन्ही चाली या जिल्ह्यात शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. वीरशैव मृताला बसवून मातीत समाधी देतात. गोसावी, नाथपंथी यांच्यातही समाधीची चाल आहे. महानुभाव देहाचा निक्षेप करतात. तान्ह्या मुलाला तर बहुतेक सर्वच जातींत पुरतात. धाराशिवात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, आणि काही कोसांवर तेरला, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांची समाधी आहे. तेव्हा ज्याला पुरले त्याच्यापाशी दरवर्षी जमून त्याचे स्मरण करणे ही गोष्ट आम्हांस मुळीच परकी नाही.

तेरचा दुसराही एक धागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. तीत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे शहर असल्याचे नमूद आहे. तेथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई आणि पुढे रोमन साम्राज्यात पोहोचे. तगर म्हणजे आपले तेर. इटलीतल्या पाँपेई शहरात, इ. स. 79 च्या ज्वालामुखीने गाडलेल्या एका घरात, 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरला मिळाली आहे. ज्या दशकांत तेरचे विणकर रोमच्या बाजारासाठी माग चालवीत होते, त्याच दशकांत त्या साम्राज्यातील गावोगाव ख्रिस्ताच्या अनुयायांची लहान लहान मंडळे उभी राहत होती. या मंडळांपुढे जे पहिले व्यावहारिक प्रश्न आले त्यांत एक प्रश्न आम्हां मराठी माणसांना नीट कळेल असा होता. तो असा: माणूस मेला तर त्याला खांदा कोण देणार?

आमचे म्हणणे एवढेच की, आद्य ख्रिस्ती समाजाच्या अंत्यविधींत नवे जे होते ते विधींत फारसे नव्हते; ते या प्रश्नाच्या उत्तरात होते.

प्रथम रोममधील परिस्थिती पाहू. इ. स. पूर्व 450 च्या सुमारास झालेल्या 'बारा पाट्यां'च्या कायद्याने शहराच्या आत प्रेत पुरण्यास वा जाळण्यास बंदी होती. म्हणून नगराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा थडगी असत. पहिल्या शतकात रोममध्ये दहनाची चाल अधिक होती. सधन कुटुंबाचे स्वतःचे थडगे असे, आणि त्या कुटुंबाच्या गुलामांच्या रक्षेलाही भिंतीतल्या कोनाड्यात जागा मिळे. पण ज्याला घर नाही, धनी नाही, गाठीला पैसा नाही, त्याची वाट काय? एके काळी रोमजवळच्या एस्क्विलिन टेकडीवर मोठमोठे खड्डे असत आणि त्यांत बेवारशी प्रेते व शहराची घाण एकत्रच लोटली जाई. एकोणिसाव्या शतकात तेथे खणताना हे खड्डे सापडले.

असा शेवट होऊ नये म्हणून गरीब लोक आपसांत मंडळ्या काढीत. आपल्याकडील भिशीसारखाच हा प्रकार. रोमपासून जवळ असलेल्या लानुवियम गावी अशा एका मंडळीचे नियम दगडावर कोरलेले मिळाले आहेत. त्यांचा काळ इ. स. 136. प्रवेशाची रक्कम 100 सेस्टर्स नाणी आणि चांगल्या मद्याचा एक घडा. वर्गणी दरमहा पाच आस, म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासद वारला की 300 सेस्टर्स मिळत, त्यांतले 50 चितेपाशी हजर राहणाऱ्यांत वाटले जात. सभासदांत गुलामही होते. एखाद्या गुलामाचा धनी प्रेत देण्यास तयार झाला नाही, तर त्याची प्रतिमा करून तिचे अंत्यविधी करावेत, असा नियम आहे. हा नियम वाचला म्हणजे त्या गुलामाच्या मनातली भीती केवढी असेल ते समजते. परंतु या मंडळीत वर्गणी थकली की हक्क गेला. ज्याच्यापाशी दरमहा पाच आसही नाहीत तो खड्ड्याकडेच जाणार.

ख्रिस्ती मंडळ्यांनी बदल केला तो येथे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने इ. स. 197 च्या सुमारास आपल्या पंथाची बाजू मांडताना सांगितले आहे की, आमच्याकडेही पेटी आहे. परंतु महिन्याकाठी ज्याला जे झेपेल ते त्याने आपखुशीने टाकावे, आणि त्या पैशातून गरिबांना अन्न द्यावे व गरिबांना पुरावे. अनाथ, वृद्ध, गलबत फुटून निराधार झालेले, खाणीत शिक्षा भोगणारे यांचाही भार तीवरच. म्हणजे देणारा एक आणि घेणारा दुसरा. वर्गणीचा आणि हक्काचा संबंध तोडला गेला. सभासदत्व हाच हक्क ठरला. रोममधील मंडळीच्या एका जुन्या नियमावलीत असेही आहे की, दफनभूमीत जागेसाठी कोणाकडून भारी रक्कम घेऊ नये. खणणाऱ्याची मजुरी आणि कौलांची किंमत एवढेच घ्यावे, कारण ही जागा सर्व गरिबांची आहे.

अशी एक जागा इ. स. 200 च्या सुमारास रोमच्या आप्पियन रस्त्यावर तयार झाली. तिची देखरेख कालिस्तस नावाच्या मनुष्याकडे सोपविण्यात आली. हा पूर्वीचा गुलाम. पुढे 217 च्या सुमारास तोच रोमचा बिशप झाला. त्याच्या नावाने ते भुयार आजही ओळखले जाते. रोमभोवतीचा खडक ज्वालामुखीच्या राखेचा. कापताना मऊ आणि वारा लागला की टणक. या खडकात अरुंद बोळ खणीत जावयाचे, बोळाच्या दोन्ही भिंतींत एकावर एक फडताळासारखे कप्पे पाडावयाचे, एकेका कप्प्यात एकेक प्रेत ठेवून तोंड कौलांनी किंवा संगमरवरी फरशीने बंद करावयाचे, अशी ही रचना. धाराशिवची लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना खडकात राबणारे हात डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. हे खणणारे लोक मंडळीचे सेवक म्हणून गणले जात. भिंतींवर कुदळ आणि दिवा घेतलेली त्यांची चित्रे आहेत.

ही भुयारे म्हणजे छळाच्या काळात लपण्याच्या जागा होत्या, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो खरा नव्हे. सरकारला या जागा पुऱ्या ठाऊक होत्या, इ. स. 257 साली वालेरियन बादशहाने तेथे जमण्यास बंदी केली आणि 260 मध्ये त्याच्या मुलाने त्या जागा परत केल्या. ती मृतांची वस्ती होती, जिवंतांची नव्हे.

तेथल्या फरशांवर लेख पुष्कळ आहेत आणि बहुतेक फार थोडक्या शब्दांचे: नाव, वय, मृत्यूचा दिवस, शांतीची एखादी इच्छा. रोमच्या इतर थडग्यांवर मनुष्य स्वतंत्र होता, मुक्त केलेला होता की गुलाम होता हे आवर्जून लिहीत. येथे ते क्वचितच आढळते. ज्याला लेख कोरविणे परवडले नाही त्याच्या आप्तांनी ओल्या चुन्यात बोटाने नाव काढले, नाहीतर ओळखीसाठी एखादे नाणे, काचेचा तुकडा, मातीची पणती चुन्यात बसवून दिली. अक्षर न येणाऱ्या आईला आपल्या लेकराचा कप्पा ओळखता यावा, एवढ्यासाठीच हे असणार.

आता विधींकडे वळू. मृताला स्नान घालणे, डोळे मिटणे, वस्त्रात गुंडाळणे, सुवासिक द्रव्ये लावणे, रात्रभर बसणे या चाली यहुदी आणि रोमन लोकांतही होत्याच. यहुदी लोकांत पहिल्या शतकात आणखी एक चाल होती: वर्षभराने अस्थी गोळा करून दगडी पेटीत ठेवीत. राख सावडणाऱ्या आपल्या लोकांना तीत नवल वाटणार नाही. तिसरा, नववा, चाळिसावा असे स्मरणाचे दिवसही ख्रिस्ती लोक पाळू लागले. रोमन लोकांत नववा दिवस आधीपासून होता. आपल्याकडील दहावा-तेरावा मनात आणा, म्हणजे झाले.

मात्र दोन गोष्टींत फरक होता. पहिला नावाचा. दफनाच्या जागेला त्यांनी ग्रीक भाषेतील निजण्याच्या जागेचे नाव दिले. मेलेला निजला आहे, उठणार आहे, ही त्यांची श्रद्धा. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला इ. स. 50 च्या सुमारास लिहिलेले पत्र ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. त्यातही हीच काळजी दिसते: आमच्यांतले जे वारले त्यांचे काय? ही श्रद्धा होती म्हणून भाड्याने रडणाऱ्या बायका आणणे त्यांच्या उपदेशकांना अनुचित वाटे. तरी चौथ्या शतकात अंत्युखियाच्या योहान ख्रिसोस्तमला त्याविरुद्ध पुनःपुन्हा बोलावे लागले. यावरून चाल किती चिवट होती ते कळते.

दुसरा फरक दिवसाचा. रोमन लोक मृताचे स्मरण त्याच्या जन्मदिवशी करीत. ख्रिस्ती लोकांनी हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा जन्मदिन मानला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मिर्ना येथे वृद्ध पॉलिकार्पला जाळण्यात आले तेव्हा लोकांनी त्याच्या अस्थी वेचून ठेवल्या आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे जमण्याचे ठरविले. पुण्यतिथी पाळणाऱ्या समाजाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला जमणारा वारकरीही संताचा जन्म नव्हे, समाधीचाच दिवस पाळतो.

थडग्यापाशी जेवण करण्याची जुनी चालही काही काळ टिकली. ऑगस्टिनची आई मोनिका ही आफ्रिकेतील आपल्या रिवाजाप्रमाणे मिलान शहरात हुतात्म्यांच्या समाधीवर लापशी, भाकरी आणि मद्य घेऊन गेली, तेव्हा बिशपच्या हुकमावरून दारावरच्या माणसाने तिला अडविले. बाईने मुकाट्याने ते ऐकले. पुढे इ. स. 387 मध्ये परगावी मरण आले तेव्हा माझा देह कुठेही पुरा, असे तिने मुलांना सांगितले. ऑगस्टिनने म्हातारपणी या विषयावर पुस्तक लिहिले. त्याचा निष्कर्ष असा की, अंत्यविधीचा थाट हा मेलेल्याला साह्य होण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन म्हणूनच अधिक. तरीही देहाची आस्था सोडू नये, कारण ती माणुसकी आहे.

मग ते प्रेत पुरीतच का? जाळले तर पुनरुत्थान व्हायचे नाही, अशी त्यांची समजूत होती काय? इ. स. 177 मध्ये लियाँ शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवून, मग जाळून, राख रोन नदीत टाकण्यात आली. हे लोक उठतील ही आशाच मोडावी, असा त्यात हेतू होता. परंतु त्याच सुमाराचा लेखक मिनुसियस फेलिक्स साफ सांगतो की, जाळल्याने आमचे काही बिघडत नाही. पुरणे ही जुनी आणि बरी चाल म्हणून आम्ही ती पाळतो. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो मराठी भूमीवर पुन्हा भेटणार आहे.

या समाजाची खरी कसोटी साथीच्या रोगात लागली. इ. स. 260 च्या सुमारास अलेक्झांड्रियात मोठी मरी आली. तेथील बिशप दियोनिसियस लिहितो की, लोक आपल्याच आजारी माणसांना रस्त्यावर टाकून पळत होते. ख्रिस्ती लोकांनी मात्र आजाऱ्यांची सेवा केली, मृतांचे डोळे मिटले, त्यांना खांद्यावर वाहिले, स्नान घातले, आणि थोड्याच दिवसांत ते स्वतः त्याच वाटेने गेले. हा पक्षपाती साक्षीदार आहे, असे कोणी म्हणेल. तर मग विरोधकाची साक्ष घ्या. जुन्या देवतांची उपासना पुन्हा प्रस्थापित करू पाहणारा जूलियन बादशहा इ. स. 362 मध्ये आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला लिहितो की, या लोकांचा पंथ वाढला तो परक्यांवरील दयेमुळे आणि मृतांच्या दफनाविषयीच्या त्यांच्या आस्थेमुळे. इतिहासात विरोधकाने दिलेल्या प्रशस्तिपत्राला फार किंमत असते.

दोषही सांगितले पाहिजेत. राजाश्रय मिळाल्यावर, चौथ्या शतकात, हुतात्म्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून सधनांची चढाओढ लागली. खणणारे लोक थडगी विकू लागले आणि त्या खरेदीचे लेखही दगडावर उरले आहेत. आपल्या देशात तर जातीने दफनभूमीपर्यंत पाठ सोडली नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीतच जातीची भिंत घातली गेली. चांगली चाल एकदा पडली म्हणजे ती आपोआप टिकते, असे नव्हे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' बंदरात ख्रिस्ती लोक आणि इराणातून आलेला बिशप असल्याचे लिहितो. हे पुष्कळांच्या मते आपले कल्याण. इ. स. 1321 च्या एप्रिलात ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधू सुलतानी अंमलात मारले गेले. त्या वेळी तेथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी दूर होता. बातमी कळताच तो परतला, त्याने देह मिळविले आणि सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या साधूने त्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. परंपरेप्रमाणे गोरोबाकाकांची समाधी 1317 ची. म्हणजे तेरणेकाठी ती समाधी झाली त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी सोपाऱ्यास हे दफन झाले.

पुढचा मोठा टप्पा एकोणिसाव्या शतकाचा. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झाले. त्याचा एक संस्थापक गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडे गेला असता कॉलऱ्याची साथ चालू होती. जवळची औषधे वाटून तो परत फिरला आणि वाटेत एका खेड्यातील देवळात मुक्कामास असताना 20 मार्चला त्याच साथीने वारला. सोबत फक्त दोन मुलगे. त्यांना पुरण्यासाठी जागा मिळविण्यास फार कष्ट पडले. पेटी नव्हती, म्हणून घोंगडीत गुंडाळून त्यांनी त्याला माती दिली. खांद्याचा प्रश्न असा पहिल्याच पिढीत उभा राहिला.

तो परदेशी पाहुण्यांचा होता तोवर सोपा होता. 1831 मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले आणि मराठी माणसे त्या मंडळीत येऊ लागली, तेव्हा तो खरा बिकट झाला. पहिल्यांपैकी बाबाजी हा ब्राह्मण. तो 1833 मध्ये कॉलऱ्याने गेला. पुढे महार-मांग समाजातून पुष्कळ लोक आले. गावगाड्यात मरणाचे काम जातवार वाटलेले होते. परगावी मरणाची वार्ता महाराने न्यावयाची, सरणाची लाकडे महाराने पोहोचवावयाची आणि प्रेतावरचे वस्त्र महाराने घ्यावयाचे. उलट त्याच्या घरी मरण आले तर त्याची भावकी हाच त्याचा आधार. धर्म बदलला की भावकी तुटे. वाळीत टाकलेल्याच्या दारी कोण येणार? 1850 च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. पण कायदा जमीन देऊ शकतो, खांदा देऊ शकत नाही. म्हणून नव्या मंडळीला प्रार्थनेच्या जागेइतकीच निकडीने दफनाची जागा लागे, आणि ज्यांनी जन्मात एकमेकांना स्पर्श केला नसता त्यांना एका तिरडीखाली यावे लागे. तर्तुलियनची पेटी आणि नगर जिल्ह्यातील खेड्यातली ही तिरडी, दोहोंचा अर्थ एकच होता.

मिनुसियस फेलिक्सचा मुद्दाही येथे पुन्हा निघाला. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले. मराठी ख्रिस्ती मनुष्याने मराठीच राहावे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले आणि रक्षेला नगरच्या मातीत विसावा मिळाला. अग्नीही मिळाला आणि मातीही. रोमन कॅथलिक धर्मपीठाने दहनास मोकळीक दिली ती 1963 मध्ये. टिळकांनी त्याआधी 44 वर्षे तो प्रश्न आपल्यापुरता सोडविला होता. चाल कोणती हा गौण प्रश्न. सोबत कोण हा मुख्य, हेच यावरून दिसते.

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीबरोबर आपल्याकडील सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातील गावे कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. कित्येक घरांत खांदा देण्यासही कोणी उरले नव्हते. तेव्हा जवानांनी, शेजारच्या गावांतील लोकांनी, दुरून आलेल्या स्वयंसेवकांनी प्रेते काढली आणि पावसात सामुदायिक सरणे रचली. कोणाची जात कोणती, हे विचारण्यास कोणापाशी उसंत नव्हती. अलेक्झांड्रियाच्या मरीत जे घडले ते आम्ही आमच्या मातीत घडलेले पाहिले आहे.

पण आपत्ती ओसरली की जुनी सवय परतते. महाराष्ट्रात 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि स्मशान वा दफनभूमी वापरू न देणे हाही त्यात बहिष्काराचा प्रकार मानावा लागला, ही आम्हां सर्वांना खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे. रोमच्या त्या भुयारांकडून शिकण्यासारखे असेल तर ते एवढेच की, ज्याच्यापाशी वर्गणी नाही, भावकी नाही, त्याच्या मातीला जो समाज जातो तोच समाज या नावाला पात्र ठरतो. आपल्या गावच्या स्मशानाची वाट सर्वांसाठी एक आहे की नाही, एवढे ज्याने त्याने उद्या आपापल्या गावी जाऊन पाहावे.